प्रसंगाचा रकाना

माझ्या पावतीपुस्तकात एक रकाना आहे: प्रसंग.
वडिलांनी भद्रकालीतल्या छापखान्यातून तो छापून घेतला,
तेव्हापासून पाचसहा शब्दांवर भागत आलंय.
लग्न. साखरपुडा. जाऊळ. दहावा. सभा.
एकदा सोडचिठ्ठीच्या बैठकीला कुणी बारा खुर्च्या नेल्या,
तिथेही सभाच लिहिलं.

परवा फोन. मखमलाबाद रोड,
द्राक्षांचं बंद पडलेलं पॅकहाऊस,
चाळीस खुर्च्या, सतरंजी नको.
प्रसंग काय, विचारलं.
पोरगी म्हणाली, या ना, बघा.

टेम्पो लावला. आत शीतगृहाची खोली,
भिंती इतक्या जाड की रस्ता दारातच संपला.
वास अजून होता: खोक्यांचा, गंधकाच्या कागदाचा,
कुठल्यातरी फटीत वाळून गेलेल्या एका मण्याचा.
माणसं एकोणीस. मोजणं हा माझा धंदाच.
एकवीस खुर्च्या रिकाम्या, म्हणून एकीवर मी बसलो.
सत्तावीस वर्षं खुर्च्या वाहतोय,
त्या एवढ्या टोचतात हे कुणी बोललं नव्हतं.

पेठकडचा हिरामण भोये, बूट काढून, पावरी घेऊन.
तन्वीर अत्तार, पुढ्यात लॅपटॉप
आणि तांबट लेनमधून आणलेलं फुटकं घंगाळ.
मधे शलाका गांगुर्डे, तीच फोनवाली,
हातात काही नाही.

आधी वाटलं, अजून वायरीच तपासतायत.
घंगाळावर एक टिचकी, मग बराच वेळ काही नाही.
मग पावरी उठली,
रानातून निरोप घेऊन निघालेली
आणि वेशीवर विसरलेली, कुणाला द्यायचा तो.
तन्वीरने तिला पकडलं, तुकडे केले, उलटं चालवलं.
तरी ती पावरीच राहिली,
आई दाराआडून बोलली तरी आईच, तशी.

मी भजनातला माणूस. पाय ताल शोधत राहिला.
सात म्हणावं तर एक मात्रा बाहेर उभी,
आठ म्हणावं तर एक जागा मोकळी.
शेवटी पायाने नाद सोडला,
तेव्हा लक्षात आलं, मी मघापासून डोलतोय.

शलाका गायली. गायली म्हणजे काय केलं?
ओवीसारखं सुरू झालं,
दळता दळता कुणी उठून जावं तसं तुटलं,
मग रिक्षावाल्याची हाक:
सीबीएस, सीबीएस, शालिमार.
ती हाक तिने एवढी ताणली
की शालिमारला पोचायला एक जन्म पुरू नये.

पुढच्या रांगेत एक जण डोळे पुसत होता.
मला रडू नाही आलं.
मला आमचा जुना जनरेटर आठवला,
बंद होता होता तो एक सूर लावायचा, खाली खाली जाणारा,
आणि मांडवामागच्या अंधारात मी
तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहायचो.
हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

संपल्यावर विचारलं, याला म्हणतात काय?
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
हिरामण म्हणाला, पावरी आमच्याकडे लग्नात वाजते, देवालाही वाजते.
तन्वीर म्हणाला, चाचा, तुम्हीच सांगा.
शलाका पाणी पीत होती.

खुर्च्या मिटायला घेतल्या.
लोखंडी. खाट्. खाट्.
तन्वीर ओरडला, माईक चालू आहे!
मी थांबलो.
थांबू नका, म्हणाला. पण सावकाश.

एकोणीस माणसं पुन्हा गप्प झाली.
चाळीस वेळा मी एकेक खुर्ची मिटली,
आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
दोन आवाजांमधल्या जागेत उभा राहिलो.

पावती फाडली. तारीख, टेम्पो, भाडं.
प्रसंगावर पेन टेकवलं
आणि तसंच धरून बसलो.
एक ठिपका उमटलाय तिथे,
कार्बनखालच्या प्रतीवरही, जरा फिकट.

भाडं एकोणचाळीस खुर्च्यांचं लावलं.